चाळीतून टॉवरमध्ये जाताना: अचानक पैसा आलेल्या मुंबईकर घरासाठी

२०१८ च्या मार्चमध्ये लालबागची आमची मसाला कांडपाची गिरणी विकली गेली. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती, आजूबाजूचे गाळे बिल्डरने आधीच घेतले होते आणि मधली आमची जागा त्याला हवी होती. पैसे आले तेव्हा आम्ही चौघं समोरच्या चाळीत १८० चौरस फुटांच्या खोलीत राहत होतो. सासूबाई, नवरा, मी आणि अकरा वर्षांची मुलगी. वर्षभराने आम्ही लोअर परळच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलो. बेडरूमच्या खिडकीतून आमच्या चाळीचं छप्पर अजून दिसतं.

अशी घरं आता आमच्या भागात खूप झाली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, ऑफिसं, टॉवर उभे राहिले. मग चाळींची पाळी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. कुणाची पागडीची खोली जाते, कुणाचा गाळा, कुणाची पनवेल-उरणकडची जमीन. प्रत्येकाच्या हातात रोख रक्कम येतेच असं नाही, पण लॉबी, लिफ्ट, मेंटेनन्सचं बिल आणि नवे शेजारी सगळ्यांच्या वाट्याला येतात.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नव्या जागी गेल्यावर काही गोष्टी शिकाव्या लागतात आणि काही गोष्टी लपवाव्याशा वाटतात. शिकण्यात काहीही कमीपणा नाही, काटा-चमचा धरणं म्हणजे सायकल चालवण्यासारखंच आहे, आठ दिवसांत जमतं. लपवण्यात मात्र माणूस थकतो. आम्ही पहिली दोन वर्षं लपवण्यात घालवली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

पहिली पायरी: सहा महिने काहीही विकत घेऊ नका, पण तारखा विसरू नका

पैसे आले की पहिल्या आठवड्यात घरी माणसं येऊ लागतात. बँकेतला साहेब स्वतः चहा प्यायला आमच्या खोलीत आला होता. जिथे आम्ही पासबुक भरायला अर्धा तास रांगेत उभे राहायचो, तिथला साहेब! त्याने नवऱ्याला "सर" म्हटलं आणि वर्षाला दहा लाखांचा हप्ता असलेली विमा पॉलिसी एफडीसारखीच आहे असं सांगून त्याची सही घेतली. ती एफडी नव्हती. पाच वर्षं पैसे अडकले आणि मिळालं ते साध्या व्याजापेक्षा कमी. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हा आताचा नियम लक्षात ठेवा. त्याहून बरं म्हणजे पहिले सहा महिने कशावरच सही करू नका.

तोवर पैसे साध्या एफडीत ठेवा, पण एका बँकेत नको. बँक बुडाली तर एका खातेदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. तेव्हा विम्याची मर्यादा १ लाख होती, ती २०२० मध्ये ५ लाख झाली. कोटीची रक्कम पाच-पाच लाखांत वाटत बसणं शक्य नसतं, म्हणून मोठ्या तीन-चार बँका निवडा. ओळखीच्या पतपेढीत जास्त व्याजासाठी सगळं ठेवू नका.

आता तारखांचं. काही न करणं म्हणजे कराकडे पाठ फिरवणं नव्हे. जागा विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे असलेली जागा २३ जुलै २०२४ पासून विकली असेल तर दर साडेबारा टक्के आहे. त्याआधी घेतलेल्या जमिनीला किंवा इमारतीला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांनी कर काढता येतो आणि दोन्हीतला कमी असेल तो भरता येतो. वाडवडिलांची जागा २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. आमचा हा एक कागद पुष्कळ लाख वाचवून गेला.

कर वाचवायचा असेल तर घड्याळ विक्रीच्या दिवसापासून सुरू होतं. ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवायला सहा महिने, तयार घर घ्यायला दोन वर्षं, बांधून घ्यायला तीन वर्षं. रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेतल्या 'कॅपिटल गेन्स' खात्यात टाकावी लागते. राहतं घर विकलं असेल तर फक्त नफा नव्या घरात घातला तरी चालतं. गाळा किंवा दुकान विकलं असेल तर विक्रीची पूर्ण रक्कम घालावी लागते, नाहीतर सवलत त्या प्रमाणात कमी होते. पागडीच्या खोलीचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून चांगला सीए करा, त्याची फी खळखळ न करता द्या, आणि तो नात्यातला नको. गुंतवणुकीसाठी सल्लागार हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा बघा. सेबीच्या वेबसाइटवर नाव तपासता येतं. जो फुकट सल्ला देतो त्याचं कमिशन तुमच्याच पैशातून निघतं.

आणि रोखीत काही करू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. "थोडे ब्लॅकमध्ये घ्या, कर वाचेल" असं सांगणारा माणूस नोटीस येते तेव्हा फोन उचलत नाही.

दुसरी पायरी: बहिणीचा वाटा आधी

टॉवर, गाडी, शाळा हे सगळं नंतर. आधी घरातल्या लेकींचा हिस्सा.

हिंदू घरात वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखाच वाटा आहे, १९५६ च्या कायद्यापासून. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तरी आपल्याकडे काय चालतं ते आपण सगळे जाणतो. बहिणीला जेवायला बोलवायचं, एक पैठणी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. "भाऊ आहे ना तुला, माहेर तुटायला नको."

आमच्याकडेही तो कागद टाइप होऊन आला होता. सासूबाईंनी तो हातात घेतला, वाचता येत असूनही माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि म्हणाल्या, "ही पोर शाळेतून आली की गिरणीत मिरच्यांचे देठ काढायची. तिच्या बोटांची आग मी बघितलीय." नणंदेला तिचा तिसरा हिस्सा मिळाला. त्यामुळे आमचा फ्लॅट एका खोलीने लहान झाला आणि गणपतीला नणंद अजूनही पाच दिवस राहायला येते.

बाकी नातेवाइकांसाठी माझा नियम असा. एकूण रक्कम कुणालाही सांगू नका, सख्ख्या भावालाही नाही. म्हणून इथेही लिहिलेली नाही. मदतीसाठी वर्षाची एक रक्कम ठरवून वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून शिक्षण आणि दवाखाना यांना द्या, आणि देताना परत येणार नाही असं समजूनच द्या. धंद्यासाठी कुणी उसने मागितले तर बँकेतूनच द्या, दोन ओळींचा कागद करून. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीत घेता येत नाही, हे कारण पुढे करता येतं आणि ते खरंही आहे. नकार द्यायचा तर लगेच द्या. "बघतो, सीएला विचारतो" असं तीन महिने ताणलेलं नातं नकारापेक्षा जास्त तुटतं. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पहिल्याच वर्षी मोठा आकडा लिहू नका. पुढच्या वर्षी त्याहून मोठा अपेक्षित असतो.

तिसरी पायरी: घर बघताना भिंतींपेक्षा माणसं बघा

सँपल फ्लॅट बघून भुलायला होतं. आम्ही शिकलो ते असं. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका, महारेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या नोंदणीतला कार्पेट एरिया बघा. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, नोंदणी फी ३०,००० रुपयांपर्यंत. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. पन्नास लाखांवरच्या घराचा एक टक्का टीडीएस विकत घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, तो राहून जातो आणि मग दंड लागतो.

मेंटेनन्स हा खरा प्रश्न. आमचं बिल महिन्याला एकवीस हजार येतं. चाळीत आम्ही भाडं देत होतो त्याच्या किती पट, हे सासूबाईंना आजपर्यंत सांगितलेलं नाही. हिशेब सोपा ठेवा. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वीजबिल तुमच्या एफडीच्या व्याजातून निघत असेल तरच ते घर परवडलं. पगारातून भागवायचं म्हटलं तर पाच वर्षांनी घर विकावं लागतं. माझ्या ओळखीत अशी तीन घरं आहेत, आज ती बदलापूरला आहेत.

चाळीच्या पुनर्विकासात मिळालेलं घर असेल तर मूळ रहिवाशांची इमारत आणि विक्रीची इमारत वेगळी असते, कधी गेटही वेगळं. स्विमिंग पूल, जिम, बाग यांतलं काय तुमचं आणि काय नाही ते करारात वाचा. घर किती वर्षं विकता येणार नाही, तेही ताबापत्रात वाचा.

आणि घर ठरवण्याआधी त्या इमारतीत संध्याकाळी आठ वाजता जाऊन या. वॉचमनशी कोण कसं बोलतं ते ऐका. मासे खाणारे असाल तर तोंड उघडून विचारा. मुंबईत कागदावर नाही पण वहिवाटीने 'व्हेज' असलेल्या इमारती आहेत. तिथे राहायला गेलात तर दर बुधवारी चोरासारखे बोंबील तळाल, आणि स्वतःच्या घरात चोरासारखं राहण्यासाठी कुणी कोटी मोजत नाही. आम्ही एक सुंदर घर याच कारणासाठी सोडलं, ते बरं झालं. आताच्या इमारतीत चिमणी चांगली बसवली आहे, सुकट तेवढी चाळीतल्या शेजारणीकडे भाजते.

चौथी पायरी: बंद दार

चाळीत दार रात्री झोपतानाच लागतं. टॉवरमध्ये ते उघडं ठेवलं तर इंटरकॉम वाजतो.

सासूबाई पहिल्या आठवड्यात सकाळी आठपासून दार उघडं टाकून उंबऱ्यावर स्टूल घेऊन बसायच्या. तांदूळ निवडायच्या आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "कामावर चाललात?" दहाव्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसातून विनंती आली की पॅसेजमध्ये बसू नये. त्या काही बोलल्या नाहीत. स्टूल आत आणलं आणि तीन महिने त्या बेडरूममधून फारशा बाहेर आल्या नाहीत. जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं.

घरात सत्तरीचं माणूस असेल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची समजा. घराचं इंटिरियर करण्याआधी त्यांचा दिवस कसा जाणार ते ठरवा. आम्ही उशिरा ठरवलं. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी टॅक्सीने चाळीत, पाच वाजता परत. इमारतीच्या बागेत खाली बसायची एक ठरलेली जागा. तिथे त्यांना सोळाव्या मजल्यावरच्या एक गुजराती आजी भेटल्या. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळते, पण गुडघ्यांबद्दल बोलायला तेवढी पुरते. मंडळाची वर्गणी आम्ही जुन्या चाळीतच देतो, आणि गणपतीत दहा दिवस सासूबाई तिथेच असतात.

बाकीचे नियम पटकन सांगते. चपलांचं रॅक पॅसेजमध्ये नको. कपडे बाल्कनीच्या कठड्यावर नको. पाहुण्यांची नावं गेटच्या ॲपवर आधी टाका, नाहीतर गावाहून आलेल्या मामांना वॉचमन वीस मिनिटं उभं करतो आणि मामा ते जन्मभर विसरत नाहीत. लिफ्टमध्ये फोनवर मोठ्याने बोलू नका. सोसायटीच्या सभेला पहिल्या वर्षी फक्त जा, बसा, ऐका. कोण पैशाचा हिशेब नीट विचारतं ते कळतं, तीच माणसं पुढे उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: सर्व्हिस लिफ्ट

हे लिहिताना मला अजून जड जातं.

आमच्या चाळीत चार दारं सोडून एक मावशी राहायच्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी सव्वा महिना मला न्हाऊ घातलं होतं. टॉवरमध्ये राहायला आल्यावर दीड महिन्याने एका सकाळी लॉबीत मी दोन शेजारणींबरोबर उभी होते. नवा ड्रेस, हातात कारची चावी. समोरून मावशी आल्या. आमच्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर त्या पोळ्या करायला येत होत्या. त्यांनी मला बघितलं, हसल्या आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी फोनमध्ये बघितलं.

त्यांनी हाक मारली नाही. पदर सारखा केला आणि त्या मागच्या बाजूला सर्व्हिस लिफ्टकडे गेल्या. कामवाल्या बायकांना पुढची लिफ्ट नाही, असा आमच्या इमारतीत रिवाज आहे. शेजारणींना काही कळलंही नाही. मी वर आले आणि बाथरूमचं दार लावून बसले.

तीन दिवसांनी मी चाळीत त्यांच्या खोलीवर गेले. माफी मागायची वाक्यं पाठ केली होती. मावशींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्यासोबत बायका होत्या, म्हणून मीच नाही बोलले." माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली. त्या वाक्याचं ओझं अजून आहे. त्यानंतर लॉबीत त्या दिसल्या की मीच आधी "मावशी" म्हणते, सगळ्यांसमोर, आणि घाई नसेल तेव्हा त्यांच्याबरोबर मागच्या लिफ्टने वर येते. एका शेजारणीने विचारलं, "आप जानती हैं इनको?" मी सांगितलं, माझ्या मुलीला यांनी पहिली आंघोळ घातली आहे.

म्हणून नव्या माणसांना सांगते. टॉवरमध्ये काम करणारी माणसं बहुतेक वेळा तुमच्याच जुन्या वस्तीतली असतील. पहिल्याच दिवसापासून ओळख दाखवा, एकदा चुकवलेली नजर दुरुस्त करायला फार वेळ लागतो. घरी कामाला बाई ठेवाल तेव्हा इमारतीतला चालू दर विचारा आणि त्याहून थोडा जास्त द्या. आठवड्याची एक पूर्ण सुट्टी, दिवाळीला एक पगार, आणि चहाचा कप वेगळा नाही. आपल्या आईने किंवा सासूने कुणाच्या घरी धुणीभांडी केली असतील तर हे सांगावं लागत नाही, असं मला वाटायचं. तसं नसतं. नवा पैसा आलेल्या घरांत बाईशी सगळ्यात तुसडेपणाने बोललेलं मी ऐकलं आहे, आणि त्यामागे भीती असते, आपण तिच्याच जवळचे दिसू याची.

सहावी पायरी: इंग्रजी, हॉटेल, शाळा

इंग्रजी शिका. ती कामाची गोष्ट आहे. मी बेचाळिसाव्या वर्षी दादरला क्लास लावला, आठवड्यातून तीन दिवस, आठ महिने. सगळ्यात उपयोगी पडलं ते साधं वाक्य: मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? आधी मी न समजता मान हलवायचे आणि त्यातून एकदा सोसायटीच्या दिवाळी कार्यक्रमात दीडशे माणसांच्या जेवणाची जबाबदारी माझ्यावर आली होती. मराठी मात्र सोडू नका. मुंबईत आपण मराठी माणसंच एकमेकांशी हिंदीत सुरुवात करतो. लिफ्टमध्ये मी मराठीत बोलायला लागल्यावर कळलं की आमच्याच मजल्यावर दोन घरं मराठी आहेत. वर्षभर आम्ही "नमस्ते जी" करत होतो.

हॉटेलात गेलात तर एवढंच: नॅपकिन मांडीवर, काटे-चमचे बाहेरच्या बाजूने आत वापरत या, पावाची बशी तुमच्या डाव्या हाताची. पदार्थ माहीत नसेल तर वेटरला विचारा, तो आनंदाने सांगतो, बऱ्याचदा तोही आपल्याच कोकणातला असतो. दारू घ्यायची नसेल तर "मी घेत नाही" पुरे, कारण देऊ नका. बिलात सेवाशुल्क लावलं असेल तर ते देणं सक्तीचं नाही, तुम्ही काढायला सांगू शकता. भाकरी, मासे आणि वरणभात हाताने खा, कुठेही.

क्लबच्या मागे लागू नका. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, विलिंग्डन १९१८ चा, अशा जुन्या क्लबांत पैसे असले म्हणून दार उघडत नाही. सभासदत्व घराण्यांतून चालत आलेलं असतं आणि पोशाखाचे नियम कडक. एम. एफ. हुसेन यांच्यासारख्या चित्रकाराला अनवाणी असल्यामुळे विलिंग्डन क्लबने आत घेतलं नव्हतं, तिथे तुमच्या-माझ्या कोल्हापुरीची काय कथा. सभासदत्व मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका. इमारतीतल्या बायकांच्या महिन्याच्या हॉटेल-भेटींना मी पाच वेळा गेले, प्रत्येक वेळी तीन हजार. तिथे ओळख झाली नाही. ओळख झाली ती रोज सकाळी सहाला बागेत फिरणाऱ्या चौघींशी, आणि त्याला खर्च शून्य.

शाळेबद्दल मात्र जपून. आम्ही मुलीला सहावीत, वर्षाच्या मध्येच, मराठी शाळेतून काढून एका महागड्या इंटरनॅशनल शाळेत घातलं. फी भरता येते म्हणून. तिचा अभ्यास सहा महिन्यांत जमला, बाकीचं जमलं नाही. मधल्या सुट्टीत सगळे परदेशातल्या सुट्ट्यांबद्दल बोलायचे. एका पालकसभेला तिच्या बाईंनी मला विचारलं, तुमचा 'फूड एक्सपोर्टचा' व्यवसाय कसा चाललाय? मुलीने वर्गात तसं सांगितलं होतं. घरी येताना गाडीत मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तूच नाही का त्या काकूंना सांगितलंस, बाबा फूडमध्ये आहेत?"

मी सांगितलं होतं. गिरणी हा शब्द मीच गिळला होता, तिने तो माझ्याकडून शिकला.

पुढच्या जूनमध्ये तिला आम्ही दादरच्या एका साध्या इंग्रजी शाळेत घातलं, जिथे अर्धी मुलं बसने येतात. शाळा बदलायची असेल तर जूनमध्येच बदला, आधी वर्षभर मुलाला नव्या घराची सवय होऊ द्या, आणि घरात आपण पूर्वी काय करत होतो याचं एकच उत्तर ठरवा. खरं. सगळ्यांनी तेच द्यायचं.

गाडी, कपडे, सोनं याबद्दल फार लिहीत नाही. गाडी वर्षभराने घ्या. भारी कपड्यांपेक्षा नीट शिवलेले कपडे आणि चांगले बूट बघा. सोन्याची घडणावळ विकताना परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सातवी पायरी: शेजाऱ्यांना घरी बोलवा

हे आम्ही तिसऱ्या वर्षी केलं, पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. एका वेळी दोनच घरं बोलवा. कोण जैन, कोण कांदा-लसूण खात नाही, हे आधी विचारा आणि त्यांची भांडी वेगळी ठेवा. आठची वेळ दिली तर माणसं पावणेनऊला येतात, भात उशिरा लावा. बाहेरून मागवू नका. मी काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, भरली वांगी आणि सोलकढी केली होती. जे आपल्याला येतं ते.

जेवताना समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी नवऱ्याला विचारलं, तुम्ही नक्की काय करता? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं की लालबागला आमची मसाल्याची गिरणी होती, वडिलांनी चाळीस वर्षं चालवली, आता ती जागा विकली. क्षणभर कुणी बोललं नाही. मग त्यांच्या बायकोने वाटीतली आमटी दाखवून विचारलं, "ये मसाला वहीं का है?" सासूबाई आतल्या खोलीतून डबाच घेऊन आल्या. झाकण उघडून त्यांनी प्रत्येकाला वास दिला. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दगडफूल आणि नागकेशर वासाला, हे सगळं मराठीतच सांगितलं. त्या रात्री पाहुणे साडेअकराला उठले.

आता दर एप्रिलला आमच्या इमारतीतल्या सहा घरांचा मसाला लालबागला एकाच दिवशी कांडून होतो. आमची गिरणी नाही, पण शेजारची एक अजून चालू आहे आणि तो माणूस सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेला. तुम्हाला करायचा असेल तर मिरच्या मार्चअखेर घ्या. देठ काढून दोन कडक उन्हं द्यावी लागतात आणि बाल्कनीत ते होत नाही. गच्चीची चावी सिक्युरिटीकडे असते. सोसायटीला आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, खाली चादर अंथरा, आणि कबुतरांसाठी एक माणूस राखणीला बसवा. आमच्याकडे ते काम सासूबाईंकडे आहे. त्या स्टूल घेऊन बसतात.